फिलिपिन्समधले लहान किनारी शेतकरी गाव कसे असते? नुएवा वालेन्सियाविषयी थोडे विस्ताराने

आपण विचारले आहे की, फिलिपिन्सच्या जाहिरातींत दिसणाऱ्या पर्यटनाच्या बेटांपलीकडे, शेती आणि मासेमारीवर जगणारे एखादे लहान किनारी गाव प्रत्यक्षात कसे असते आणि तिथली माणसे नेमकी कशावर पोट भरतात. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. घरची हापूसची कलमे आहेत आणि उमेदीची बरीच वर्षे मी बोटीवर इंजिन खात्यात काढली. त्या नोकरीत माझा एक जोडीदार गिमारास बेटावरच्या नुएवा वालेन्सियाचा होता. त्याच्या घरी मी एकदा मे महिन्यात बारा दिवस राहिलो आणि नंतरही त्या गावाची माहिती मिळेल तेथून वाचत आलो. म्हणून संपूर्ण देशाविषयी ढोबळ बोलण्यापेक्षा त्या एकाच गावाविषयी लिहितो.

गिमारास हे पनाय आणि नेग्रोस या दोन मोठ्या बेटांच्या मधोमध असलेले लहान बेट आहे. १९६६ मध्ये त्याला इलोइलो प्रांताच्या उपप्रांताचा दर्जा मिळाला आणि २२ मे १९९२ रोजी तो स्वतंत्र प्रांत झाला. त्यातल्या पाच नगरांपैकी नैर्ऋत्य टोकाचे नुएवा वालेन्सिया १९४१ मध्ये शेजारच्या होर्दानपासून वेगळे करण्यात आले. मी त्याला गाव म्हणतो खरा, पण फिलिपिन्समधली म्युनिसिपालिटी आपल्या नगरपालिकेपेक्षा एखाद्या छोट्या तालुक्याच्या जवळ जाते. बाजार, चर्च आणि कचेऱ्या असलेली एक मुख्य वस्ती असते, तिला पोब्लासियोन म्हणतात, आणि तिच्याभोवती बारंगाय, म्हणजे सर्वांत लहान प्रशासकीय वस्त्या, पसरलेले असतात. नुएवा वालेन्सियात असे २२ बारंगाय आहेत आणि लोकसंख्या ४०,००० च्या आसपास आहे. प्रत्येक बारंगायचा एक निवडून आलेला कपितान असतो. आपला सरपंच डोळ्यांसमोर आणावा. भाषा हिलिगायनोन, म्हणजे बोली नावाने इलोंगो. वडीलधाऱ्या पुरुषाला 'मानोंग' किंवा नुसते 'नोंग' आणि बाईला 'मानांग' म्हटल्याशिवाय तिथे वाक्य पुरे होत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या दादा-ताईची सवय असलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही.

या गावाची खरी ओळख मला तिथे पोहोचण्यापूर्वीच, समोरच्या पनाय बेटावरील इलोइलो शहराच्या धक्क्यावर झाली. पाहुणा म्हणून रिकाम्या हाताने जाणे बरे दिसेना, म्हणून मी इलोइलोच्या बाजारातून दोन किलो चांगले पिकलेले आंबे घेतले होते. जोडीदार मला न्यायला आला होता. त्याने पिशवीत डोकावून पाहिले आणि एक शब्द न बोलता ती तिकीट खिडकीजवळच्या हमालाच्या हाती दिली. मग गंभीरपणे मला सांगितले की, गिमारासमध्ये बाहेरचा आंबा नेता येत नाही, आंब्याचे रोपही नेता येत नाही. पलीकडच्या धक्क्यावर तो काढून घेतात आणि शिवाय आमच्या घरात तो कोणी खाणारही नाही. त्या क्षणी मला हे अतिरेकी वाटले होते. बारा दिवसांनी परत निघताना मला त्याचे म्हणणे पूर्ण पटले होते.

कारण असे की, आंब्याच्या कोयीत राहणारा भुंगा, ज्याला आपण कोयकिडा म्हणतो, आणि फिलिपिन्सच्या पालावान बेटावर सापडलेला गरात शिरणारा त्याचा भाऊबंद, हे दोन्ही गिमारासमध्ये नाहीत. फळ वरून निर्दोष दिसते आणि आत किडा असतो, त्यामुळे हात लावून किंवा नजरेने पारखून काही कळत नाही. ज्या देशांना ही कीड नको असते ते सरळ दार बंद करतात. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला परवानगी दिली ती विकिरणाच्या, म्हणजे किरणांनी कीड निकामी करण्याच्या, अटीवर, आणि त्यासाठी आपला आंबा आधी लासलगावच्या केंद्रात न्यावा लागला, हे आपल्याकडच्या बागायतदारांना चांगले आठवत असेल. गिमारासचा आंबा मात्र कोयकिड्यापासून मुक्त ठरल्यामुळे, केवळ फळमाशीसाठी वाफेची उष्ण प्रक्रिया करून, या शतकाच्या सुरुवातीलाच तिथे जाऊ शकला. हा सगळा लाभ ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती म्हणजे बेटावर बाहेरचे फळ आणि बाहेरचे कलम येऊ न देणे. आणि ही गोष्ट धक्क्यावरच्या कर्मचाऱ्यांच्या बळावर टिकलेली नाही, ती माझ्या जोडीदारासारख्या माणसांमुळे टिकली आहे. २०२३ मध्ये 'गिमारास आंबा' या नावाला फिलिपिन्समधले पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळाले होते.

आंब्याची जात काराबाव. इलोंगोत आंब्याला 'पाहो' असेही म्हणतात. फळ लांबट, टोकाकडे निमुळते, पिकल्यावर पिवळेधमक आणि रेषा अगदी कमी. हापूसचा घमघमाट त्याला नाही, हे मी कोकणी अभिमान बाजूला ठेवून सांगतो, पण गोडी हापूसपेक्षा जास्त आहे, हेही तितक्याच प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते मोहोराबाबत. पूर्वी तिथले शेतकरी झाडाखाली पाला पेटवून कित्येक दिवस धूर देत, म्हणजे झाड मोहोरते असा अनुभव होता. रामोन बार्बा या फिलिपिनो शास्त्रज्ञाने पोटॅशियम नायट्रेटचे सौम्य द्रावण फवारूनही तेच साधते हे दाखवून दिले, आणि पेटंट असूनही शेतकऱ्यांना ती पद्धत मोफत वापरू दिली. २०१४ मध्ये त्यांना राष्ट्रीय शास्त्रज्ञ हा सन्मान मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे मोहोरासाठी कल्टार हे औषध मुळाशी घालतात, तिकडे नायट्रेट पानांवर मारतात. पालवी पुरेशी जून झालेली असेल तर साधारण दोन आठवड्यांत मोहोराचे डोळे फुटलेले दिसतात. एकाच बागेतली झाडे वेगवेगळ्या आठवड्यांत मोहोरवता येत असल्यामुळे माल एकदम बाजारात ओतला जात नाही. याची दुसरी बाजू म्हणजे फवारणी, औषधे आणि मजुरी यांचा खर्च. तो लहान मालकाला झेपत नाही, म्हणून पुष्कळ जण झाडे कंत्राटी फवारणीवाल्याला देतात आणि पिकातला वाटा घेतात. आपल्याकडे कलमे करारावर देण्याची जी रीत आहे, तिच्याशी हे इतके जुळते की त्यातली गाऱ्हाणीसुद्धा मला ओळखीची वाटली: वाटा कमी आला, झाड पिळून काढले, पुढच्या वर्षी मोहोरच नाही.

फळे सुपारीहून मोठी झाली की प्रत्येक फळाला कागदाची पिशवी चढवतात. जोडीदाराच्या आई अंगणात बसून जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवत आणि त्यांचा धाकटा मुलगा बांबूच्या शिडीवर उभा राहून एकेक फळ पिशवीत घेऊन तोंड मुडपून त्यात माडाच्या हिराचा तुकडा टोचत असे. दोरा नाही, तार नाही, फक्त हिराचा तुकडा. मी गेलो तेव्हा हंगाम संपत आला होता, पण उशिरा मोहोरलेल्या दोन झाडांवर हे काम चालू होते आणि तासाभरात त्याने किती पिशव्या चढवल्या हे मोजता मोजता माझीच गणती चुकली. तयार फळ ओळखण्याचीही पद्धत सोपी आहे. किंचित मीठ घातलेल्या पाण्यात फळ टाकायचे. बुडाले तर तयार, तरंगले तर कोवळे. आपण चौदा आणे तयार म्हणतो ते नजरेच्या सरावावर. तिकडे बादली सांगते.

बाकीच्या शेतीविषयी थोडक्यात सांगतो. जमीन बहुतांशी चुनखडीची, मोठी नदी नाही, त्यामुळे भातशेती मुख्यतः पावसाच्या पाण्यावर होते. शिवाय माड आहेत आणि काजूही आहे. काजूला ते 'कासोय' म्हणतात आणि हे झाड त्यांच्याकडे स्पॅनिश लोकांबरोबर आले, जसे आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर.

समुद्राची बाजू मात्र अशी थोडक्यात आटपता येणार नाही, कारण गावातल्या अनेक कुटुंबांचा अर्धा संसार त्याच्यावर चालतो: आंब्याचा हंगाम काही महिन्यांचा, मासळी वर्षभराची. किनारा खाचाखोचांचा असून त्यात लहान लहान बेटे, कांदळवन आणि प्रवाळ आहेत. ताक्लोंग बेटाभोवतीचे सुमारे १,१४३ हेक्टर क्षेत्र १९९० मध्ये राष्ट्रीय सागरी राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. इगांग या बारंगायच्या खाडीत आग्नेय आशियाई देशांच्या मत्स्यसंस्थेचे केंद्र आहे. बांगुस हा फिलिपिनो माणसाच्या रोजच्या ताटातला मासा; तो पिंजऱ्यात वाढवून त्याने आपणहून अंडी घालावीत, हे १९८० मध्ये याच ठिकाणी साधले. १९९८ च्या मत्स्यसंहितेने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी स्थानिक लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवले. कोकणात किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकार आणि मोठ्या यांत्रिक बोटींचे पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष जवळून पाहिलेल्या माणसाला अशा कायद्याचे मोल आणि तो पाळून घेण्यातली अडचण दोन्ही लगेच कळतील.

११ ऑगस्ट २००६ रोजी सोलार १ नावाचे तेलवाहू जहाज या किनाऱ्यापासून सुमारे १३ सागरी मैलांवर वादळी हवेत बुडाले. त्यात २० लाख लिटरहून अधिक जड इंधन तेल होते आणि जहाज सहाशे मीटरहून जास्त खोलीवर जाऊन बसले. तेल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त आले ते नुएवा वालेन्सियाच्या किनाऱ्यावर, ताक्लोंगच्या राखीव क्षेत्रासकट. जोडीदार तेव्हा बोटीवर होता, मीही त्याच बोटीवर होतो, आणि आम्ही दोघेही रोज तेच तेल पंपांतून खेळवत होतो. त्याला घरून जो निरोप आला त्यातले एक वाक्य त्याने मला सांगितले होते: खेकडे काळे होऊन कांदळाच्या मुळांवर चढून बसले आहेत. गावकऱ्यांनी नारळाच्या सोडणांनी आणि फावड्यांनी किनारा पुसला, कित्येक आठवडे मासेमारी बंद राहिली आणि किनाऱ्यालगतच्या काही कुटुंबांना वासामुळे घरे सोडावी लागली. आंतरराष्ट्रीय तेलप्रदूषण भरपाई निधीतून मच्छीमारांना भरपाई मिळाली. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१० मध्ये, मुंबईच्या बंदराबाहेर एमएससी चित्रा या जहाजाची टक्कर होऊन तेल रायगडच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा मला आधी आठवले ते हे खेकडे.

मी ज्या वर्षी गेलो तेव्हा कांदळवन वरून हिरवेगार दिसत होते. जोडीदाराच्या काकांनी, त्या वेळी ते सत्तरीला आले होते, मला ओहोटीच्या वेळी चिखलात नेले, एका मुळाजवळ हाताने खणून मातीचा गोळा वर काढला आणि माझ्या नाकाशी धरला. वास ओळखायला मला क्षणही लागला नाही.

आंब्याच्या किड्याला हे बेट धक्क्यावर अडवू शकते, कारण तो माणसाच्या पिशवीतून येतो. समुद्रातून येणाऱ्या गोष्टीला धक्का नसतो. म्हणून त्या गावात मला आंब्याविषयी बोलणारी माणसे निश्चिंत दिसली आणि समुद्राविषयी बोलताना तीच माणसे आवाज खाली आणताना दिसली.

उत्पन्नाचा तिसरा ओघ शेतीतून किंवा समुद्रातून न येता बाहेरगावी गेलेल्यांकडून येतो. पुरुष बोटींवर, बायका परदेशात किंवा मनिलात नोकरीला, आणि पक्के घर बहुधा त्याच पैशांतून उभे राहिलेले. आपल्याकडची मनीऑर्डरवर चालणारी कोकणातली घरे आठवावीत.

आपण कधी जाणार असाल तर एप्रिल-मे हा काळ निवडावा. इलोइलोहून होर्दानचा धक्का बोटीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि तिथून जीपनी, म्हणजे तिकडची सामायिक प्रवासी गाडी, मिळते. मात्र हवा खराब असेल तर घाई करू नये. ३ ऑगस्ट २०१९ रोजी याच सामुद्रधुनीत तीन बोटी उलटून ३१ माणसे गेली. गिसीच्या टोकावर स्पॅनिश काळातल्या दीपगृहाचे गंजलेले लोखंड आणि कोसळत्या भिंती आहेत, त्या संध्याकाळी पाहाव्यात. परतताना आंबे हवे तेवढे सोबत आणता येतात. जाताना पिशवीत एकही असू नये.