ओपनची सीट नेमकी कुणाची?

प्रश्न: माझी मुलगी एससी कॅटेगरीतली आहे, सरकारी भरतीत ओपन महिलांच्या कटऑफपेक्षा तिला जास्त मार्क आहेत तरी क्लासचे सर म्हणतात तुम्हाला कोट्यातच धरणार, ओपनवर तुमचा हक्क नाही. खरंय का हे ताई?

उत्तर: अजिबात नाही हो! ओपन हा कुठल्या जातीचा कोटा नाहीच, ती सगळ्यांसाठी मोकळी जागा आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मेरिटवर ओपनमधून लागलेला उमेदवार राखीव जागेत मोजायचा नाही, आणि डिसेंबर २०२० मधे सौरव यादव केसमधे तेच महिलांच्या जागांसाठी पण स्पष्ट केलं, म्हणजे ओपन महिला सीटवर एससी, ओबीसी मुली पण येतात. फक्त वयाची किंवा बाकी काही सवलत घेतली असेल तर त्या भरतीचे नियम वेगळे असू शकतात, जाहिरात नीट वाचा. शिकवणाऱ्यानेच असं बोलावं याचा मला फार राग आला, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ ला ५० टक्के जागा राखल्या त्याला शंभरावर वर्षं झाली! लिस्ट लागली की तिचं नाव कुठे धरलंय बघा, चुकलं असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या.