लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरून कोचीला उतरल्यावर त्याच दिवशी पुण्याचं विमान पकडता येईल का?

नका पकडू. कोचीत एक रात्र काढा. तुम्ही लिहिलंय तसे आई-बाबा सोबत असतील तर नक्कीच. आम्ही मागच्या फेब्रुवारीत मध्ये साडेतीन तास ठेवले होते, भरपूर वाटले होते. अगत्तीचं विमान चार तास उशिरा सुटलं. पुण्याची तिकिटं वेगळी काढलेली, त्यामुळे ते पैसे गेलेच.

तो विमानतळच नाजूक आहे. बेट सात-आठ किलोमीटर लांब, पण रुंदी अगदी बेताची. धावपट्टी दक्षिण टोकाला, सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि तीन बाजूंना समुद्र. वाढवायची तर जमीन आणायची कुठून? म्हणून बोइंग-एअरबस तिथे उतरत नाहीत, पंख्यांचं एटीआर नावाचं छोटं विमान येतं. एवढ्या आखूड पट्टीवरून उडायचं म्हणजे वजनाचा हिशेब कडक असतो, सत्तरएक सीटांचं विमान पूर्ण भरता येत नाही. काउंटरवर आमची हातातली पिशवीसुद्धा काट्यावर ठेवायला लावली. आईने घेतलेली सुक्या कुप्याची (ट्यूना माशाची) पुडकी त्यातच होती, तिचा जीव टांगणीला लागला होता. पुडकी आली, पण तुम्ही सामान कमीच न्या.

आणि विमानं मोजकीच. एक रद्द झालं तर पुढचं बहुधा दुसऱ्या दिवशी.

त्या चार तासांत मात्र मला एक गोष्ट कळली. शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. सोबत त्यांचा मुलगा. वडिलांना आदल्या आठवड्यात कोचीला हलवलंय, तिकडे चाललोय, म्हणाला. आपल्याला हा सहलीचा विमानतळ वाटतो, पण बेटावरच्या माणसाला मोठ्या दवाखान्याची वाट इथूनच जाते. जहाजाने चौदा ते अठरा तास, विमानाने दीडेक तास. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, जायचा बेत डळमळीत असेल तर बुकिंग अडवून ठेवू नका, लवकर रद्द करा. ती सीट कुणाला तरी खरंच हवी असते.

लक्षद्वीपला जायला लागणाऱ्या प्रवेश परवान्याच्या छापील प्रती आई-बाबांच्या पर्समध्येही ठेवा, नुसत्या मोबाइलवर विसंबू नका.

सीटचं म्हणाल तर एटीआरला चढायचं दार मागच्या बाजूला असतं. गुडघे दुखत असतील तर मागच्या रांगा घ्या, आत फार चालावं लागत नाही. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं मोकळं दिसतं. उतरताना आधी गडद निळं पाणी, मग एकदम फिकट हिरवं, आणि त्याच्या कडेला पट्टी. बाबांना खिडकी द्या.