वारीला निघतोयस ना, आधी पायांचं बघ

अरे बाळा,

मेसेज वाचला. वारीसाठी नवे शूज घेतलेस म्हणे, आता रोज त्यातच फिर, भाजी आणायला जा, जिने चढ, आणि निघेपर्यंत पायात रुळले नाहीत तर सरळ जुने घालून ये. वारीत कोण बघतंय तुझे शूज! बोटांपुढे थोडी जागा हवी, दिवसभर चालून पाय सुजतात.

फोड का येतो, तर आत हाड पुढेमागे सरकतं आणि घामाने ओली कातडी सॉक्सला धरून बसते, या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात नि मधे पाणी भरतं. म्हणून पावसात भिजलेले सॉक्स फार वाईट. कॉटनचे नकोच, विसाव्याला बदलत जा, ओले पिशवीला पिनेने अडकव.

मेडिकलमधली साधी पेपर टेप घे, सकाळी पाय कोरडे असताना टाचेला, बोटांना लाव. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या रेसमधे १२८ जणांवर हे करून पाहिलेलं, २०१६ ला छापून आलं, टेप लावलेल्या जागी फोड ४० टक्के कमी. आळंदी ते पंढरपूर पण साधारण तेवढंच की!

खरी परीक्षा पुणे-सासवड. माझ्या पहिल्या वारीत दिवे घाटाच्या पायथ्यालाच टाचेला चुरचुरायला लागलेलं, पण दिंडी सोडून बसायची लाज वाटली, म्हटलं वर जाऊन बघू, आणि सासवडला सॉक्स काढला तर लिंबाएवढा फोड. पुढचे चार दिवस लंगडत. तू तसं करू नकोस, चुरचुरलं की तिथेच बाजूला हो, पाय पूस, टेप लाव. दिंडी नंतर गाठता येते, आपली दिंडी पालखीच्या रथापुढे की मागे आणि तिचा कितवा नंबर तेवढं पाठ ठेव.

आलाच फोड तर छोट्याला हात लावू नकोस. मोठा ठणकणारा असेल तर साबणाने धू, बीटाडीन लाव, मेडिकलमधली नवी सुई घेऊन कडेला टोच, पाणी दाबून काढ, वरची कातडी मात्र ओढायची नाही, वर मलम आणि पट्टी. कोणीतरी सुईदोरा ओवून दोरा आत ठेवायला सांगेलच, प्रेमानेच सांगतात, पण त्या दोऱ्यावरून घाण आत जाते. पू आला, लाली पसरली, ताप आला तर सरळ डॉक्टरांचा तंबू.

आजी येतायत ना सोबत? त्यांना शुगर आहे, त्यांचे पाय रोज रात्री तूच बघ, त्यांना फोड कळणार पण नाही कदाचित, आणि त्यांचा फोड तू फोडायचा नाही.

आणि हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेव, ट्रकमधल्या बॅगेत नको, ट्रक थेट मुक्कामाला भेटतो.