मार खाल्लेली घोडी मसाजने बरी होते का?

तुम्ही लिहिलंय की वरातीची घोडी सोडवून आणलीय, अंगाला हात लावू देत नाही, मसाजने बरी होईल का आणि किती दिवस लागतील. होईल. दिवस मात्र मोजू नका.

आमचं गाव शहाद्याजवळ. सारंगखेड्याचा घोडेबाजार लहानपणापासून बघतोय, पण आमची चांदणी बाजारातली नाही, एका वरातवाल्याकडून आणली. काटेरी लगामाने जिभेवर व्रण पडलेले (असला लगाम ओझं वाहणाऱ्या, गाडी ओढणाऱ्या जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या सरकारी नियमांपासून बंद आहे, तरी सर्रास वापरतात) आणि कान पिळून पिळून उभी करायची सवय लावलेली, त्यामुळे हात कानाकडे गेला की ती मागच्या पायांवर. काका म्हणाले घोड्याला धाक लागतो, कान धर आणि चढव लगाम. मी नाही धरला. त्यावरून घरात जे झालं ते झालं.

पहिले कित्येक दिवस मी नुसता खांद्याजवळ उभा राहायचो, समोरून कधीच नाही, कपाळाच्या अगदी पुढचं घोड्याला दिसत नाही. मग आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर हलकं खाजवायचं, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात हे 1993 मध्ये फ्रान्समध्ये मोजूनही झालंय. पुढे लिंडा टेलिंग्टन-जोन्स या घोडे शिकवणाऱ्या बाईंची पद्धत, बोटांनी कातडी सव्वा गोल फिरवायची, घड्याळाची तबकडी समजून सहापासून पूर्ण फेरा आणि तसंच पुढे नऊपर्यंत, दाब आपण स्वतःच्या पापणीवर देऊ तेवढाच. मान वर गेली, श्वास धरला की हात लगेच काढायचा. सगळ्यात महत्त्वाचं हेच, तिने नको म्हटलं आणि आपण ऐकलं, हे तिला पहिल्यांदा कळतं. पापण्या लवल्या, ओठ सैल सुटला, चघळायला लागली तर बरोबर चाललंय. चांदणीने एका संध्याकाळी मान खाली टाकून लागोपाठ पाच-सहा जांभया दिल्या तेव्हा मी गोठ्यातच रडलो.

काकांसारखे लोक म्हणतात धाकाने पण घोडी गप उभी राहतेच ना. राहते, दगडासारखी, डोळे ताठ, पोट आवळलेलं. ती भीतीने थिजलेली असते, आणि अशीच घोडी भर वरातीत फटाका वाजला की उधळते, माणसं तुडवते.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, हात लावण्याआधी डॉक्टरला दाखवा. दात, पाठ, खूर. दुखतंय म्हणून लाथ मारणाऱ्या घोडीला मसाज काय करणार? जखमेवर, तापात, पोट दुखत असताना तर अजिबात नको. मागे उभं राहू नका, एकटे असाल तर मुळीच करू नका.

चांदणी उजव्या कानाला अजून हात लावू देत नाही. लगाम मी कानाजवळचा पट्टा सोडून, गालाकडून बांधतो. काकांनी परवा ते बघितलं, काही बोलले नाहीत, पण त्यांच्या हातातला गूळ तिने खाल्ला.