सहाशे किलोमीटर झेपतात, मग चाळीस मिनिटं का नाहीत?

ब्रिटनमधला सायकलच्या रोड रेसिंगचा हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरात आवरतो. खरी धामधूम मे ते ऑगस्ट. नोकरी-संसार सांभाळून तिथल्या रेसमध्ये उतरणारी मराठी मंडळी बरीच आहेत, त्यामुळे यावेळचे प्रश्न जवळपास सगळे तिकडचेच. एक मात्र साताऱ्याहून आलाय, आणि त्याला घाईघाईत उत्तर देऊन चालणार नाही.

पुण्यात असताना ६०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात संपवायची लांब पल्ल्याची राइड) पूर्ण केली, सिंहगड तर दर रविवारचा. इकडे लंडनच्या हिलिंग्डन सर्किटवर संध्याकाळच्या फोर्थ कॅटच्या (सर्वांत खालच्या, नवख्यांच्या गटाच्या) चाळीस मिनिटांच्या रेसमध्ये उतरलो आणि विसाव्या मिनिटाला ड्रॉप झालो, म्हणजे घोळक्याच्या मागे पडलो. नंतर एकटाच आरामात फेऱ्या मारत होतो, म्हणजे दम संपला असंही नाही. कुठे कमी पडतोय? (रेडिंग)

दम भरपूर आहे, जागा चुकतेय. ६०० ची बीआरएम ४० तासांत संपवायची असते. तिथे शहाणा तो, जो पहिल्या तासाला आणि विसाव्या तासाला सारख्याच जोरानं पायडल मारतो. घोळक्यातल्या रेसमध्ये ही सवय अंगाशी येते.

साउथॉलजवळचं हे सर्किट सुमारे दीड किलोमीटरचं. ताशी ४० च्या वेगानं एक फेरी सव्वादोन मिनिटांत होते, म्हणजे तासाभरात २६-२७ फेऱ्या. आता एक वळण नीट बघा. पहिले आठ-दहा जण ब्रेकला हात न लावता आत शिरतात. त्यांच्या मागचे जरासा ब्रेक मारतात, त्यांच्या मागचे आणखी थोडा, आणि चाळिसाव्या नंबरवरचा माणूस जवळजवळ रांगत वळतो. तोवर पुढचे बाहेर पडून वेग घेत असतात. मग या चाळिसाव्या माणसाला सीटवरून उठून दहा सेकंद जीव काढून पळावं लागतं. सरळ रस्त्यावर तो पुन्हा चिकटतो न चिकटतो, तोच पुढचं वळण. दोघांच्या घड्याळात सरासरी वेग एकच दिसतो, पण पुढच्यानं एक रेस केलेली असते आणि मागच्यानं तीसेक स्प्रिंट. विसाव्या मिनिटाला तुमचे पाय भरून आले ते यामुळे.

तुम्ही मागे का होतात, हे न विचारता सांगतो: संकोच. "कशाला उगाच मध्ये घुसायचं" हा आपला स्वभाव घोळक्यात नडतो. तिथे जागेवर राहणं असं काही नसतंच. दोन्ही बाजूंनी लोक पुढे सरकत असतात, त्यामुळे जो सरकत नाही तो आपोआप मागे जातो. विरार लोकलमध्ये स्टेशन यायच्या कितीतरी आधी दाराकडे सरकायला लागतो, तसंच इथेही सतत सरकत राहायचं. वेग मंदावला की सरळ रस्त्यावर कडेनं चार जागा घ्या. वळणाच्या आतून घुसू नका. तिथे शिव्या तर मिळतातच, शिवाय चारजणांना घेऊन पडाल. पहिल्या पंधरात राहिलात की हवाही कमी खावी लागते, कारण पुढच्याच्या चाकामागे जवळ बसल्यावर जोर साधारण तिसऱ्या हिश्श्यानं वाचतो. अगदी पहिला नंबर मात्र नको. पहिल्या खेपेला अंगात आलेले सगळे हीच चूक करतात, तीन फेऱ्या सगळ्यांची हवा खातात आणि मग सरळ शेवटी दिसतात.

सरावाच्या दोन गोष्टी. रविवारी सकाळी रिकामी पार्किंगची जागा गाठा आणि वळणं घोटा: हात खालच्या वाकड्या हँडलवर, ब्रेक वळणाआधी, वळताना बाहेरचा पायडल खाली आणि त्यावर वजन, नजर पुढच्या चाकावर नाही तर जिथून बाहेर पडायचं तिथे. दुसरं, आठवड्यातून एकदा १५ सेकंद पूर्ण जोर, ४५ सेकंद हलकं, असं दहा वेळा. दहा मिनिटं विश्रांती, मग परत दहा. आणि जवळच्या क्लबची चेनगँग धरा. एकमेकांच्या चाकाला चाक लावून आळीपाळीनं पुढे येण्याचा हा सराव एकट्यानं कितीही किलोमीटर मारले तरी होत नाही. सिंहगड वाया गेलेला नाही, त्याचा उपयोग शेवटच्या उत्तरात सांगतो.

फोर्थवरून थर्ड कॅटेगरीत जायला १२ गुण लागतात. माझे सात झालेत. जून-जुलैत मिळेल ती प्रत्येक रेस खेळावी का? (लेस्टर)

नाही. फक्त फोर्थ कॅटसाठी असलेल्या रेसमध्ये पहिल्या दहांना १० ते १ गुण मिळतात. म्हणजे एक बऱ्यापैकी दिवस लागला तरी तुमचं काम होतंय. आठवड्याला एक रेस ताज्या पायांनी खेळा. थर्ड झालात की परत फोर्थला कोणी ढकलत नाही, पण त्यानंतरच्या सेकंड कॅटला एका हंगामात ४० गुण लागतात आणि ते खेळणारे लोक वेगळेच असतात. तिकडे जायची घाई कशाला? फोर्थ कॅटमध्येच ब्रेकअवे मारून, म्हणजे घोळक्यातून सुटून पुढे पळून बघा, फसलात तरी काही बिघडत नाही. वरच्या गटात तशी संधी सहजासहजी मिळत नाही.

वय ४६. सायकलिंग मनापासून आवडतं, पण घोळक्याची भीती वाटते आणि ती जाईल असं वाटत नाही. मग स्पर्धेचा नाद सोडावा का? (मिल्टन कीन्स, वाचक भगिनी)

घोळक्याचा सोडा, स्पर्धेचा कशाला? तुम्ही नेमक्या योग्य देशात आहात. टाइम ट्रायलवर (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायच्या शर्यतीवर) इतकं प्रेम करणारा दुसरा देश शोधून सापडणार नाही, आणि त्यामागे एक मजेदार इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रस्त्यावरच्या सायकल शर्यतींवरून इतकी ओरड झाली की सायकलवाल्यांच्या संघटनेनंच रस्त्यावरच्या रेसवर बंदी घातली. हौशी लोकांनी मग पळवाट काढली. १८९५ पासून एकेक स्वार ठरावीक अंतरानं सोडायला सुरुवात झाली, म्हणजे बघणाऱ्याला शर्यत चालली आहे असं वाटूच नये. पहाटे निघायचं, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे आणि मार्गाचं नाव जाहीर न करता सांकेतिक क्रमांक द्यायचा. ते क्रमांक आजही चालतात. एखादा क्लब तुम्हाला "एफ ११ वर १० मैल" असं काही सांगेल तेव्हा गोंधळू नका. घोळक्याची रेस रस्त्यावर परत आणली ती पर्सी स्टॉलर्डनं. ७ जून १९४२ ला त्यानं लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी ५९ मैलांची शर्यत भरवली. (आपल्याकडे 'चले जाव' व्हायला दोन महिने होते.) बक्षीस म्हणून संघटनेनं त्याच्यावर बंदी घातली.

तर, उन्हाळ्यात मंगळवार ते गुरुवार कुठल्या ना कुठल्या गावाबाहेर क्लबची १० मैलांची संध्याकाळची टाइम ट्रायल असते. एका मिनिटाला एक स्वार सुटतो. पाठीवर नंबर लावायचा, हेल्मेट घालायचं, पुढचा-मागचा दिवा लावायचा आणि सुटायचं. कोणाच्या चाकामागे बसायला बंदीच आहे, त्यामुळे तुमची भीती नियमातच मिटते. खास सायकल घेऊ नका. पहिल्या वर्षी साधी रोड बाइक पुरे. चूक सगळे एकच करतात: पहिली दोन मैलं उडत जातात आणि सातव्या मैलाला तोंड कोरडं पडतं. पहिल्या पाच मिनिटांत "हे फारच सोपं चाललंय" असं वाटलं तर वेग बरोबर आहे.

वयाचं म्हणाल तर बेरिल बर्टन हे नाव लक्षात ठेवा. यॉर्कशरमधल्या मॉर्लीची बाई, रुबार्बच्या (आंबट देठांच्या एका भाजीच्या) शेतावर राबायची, आयुष्यभर हौशीच राहिली. १९५९ पासून सलग २५ वर्षं ब्रिटनची सर्वोत्तम महिला ऑलराउंडर. १९६७ मध्ये १२ तासांच्या टाइम ट्रायलमध्ये तिनं २७७.२५ मैल काढले. त्याच दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करणाऱ्या माइक मॅकनमारालाही तिनं वाटेत मागे टाकलं, आणि जाता जाता त्याला खिशातली लिकरिशची (ज्येष्ठमधाची) गोळी देऊ केली. त्यानं घेतलीही. वयाच्या पंचेचाळिशीच्या पुढेही ती देशात पहिली होती.

श्रावणी सोमवार आणि एकादशी पाळतो. रेस रविवारी किंवा आठवड्यातल्या संध्याकाळी. हे जमवायचं कसं? घरच्यांना उपवास मोडलेला चालणार नाही. (स्लाउ)

मोडायची गरज नाही, पण उपवासाचं खाणं नीट समजून घ्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. रताळं, केळं, राजगिरा, खजूर यांतही कर्बोदकं भरपूर. त्यामुळे उपवासाच्या दिवशी पायांना इंधन कमी पडतं हा गैरसमज आहे. कमी पडतात ती प्रथिनं. म्हणून रविवारच्या रेसनंतर सोमवारी दूध, दही, शेंगदाणे मुद्दाम वाढवा.

खरी मेख रविवार दुपारची आहे. अडीच-तीन तासांच्या रोड रेसनंतर स्नायूंमधला साठा संपलेला असतो आणि तो भरायला दिवसभर लागतो. रेस संपल्यावर पहिले तीन-चार तास दर तासाला वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. गाडीत बसल्या बसल्या केळी, घरी आल्यावर वरण-भात, संध्याकाळी पुन्हा भरपेट. असं झालं तर सोमवारचा उपवास आणि विश्रांतीचा दिवस छान जुळतो, कारण सोमवारी कोणी शहाणा माणूस जोराचा सराव करत नाहीच. निर्जळ मात्र नको.

एकादशीला संध्याकाळी क्रिट (छोट्या सर्किटवरच्या फेऱ्यांची रेस) असेल तर खिचडी तीन तास आधी, तेही तूप आणि कूट हात राखून. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात आणि ३८ च्या वेगाला वर येतात. तासाच्या आतल्या रेसमध्ये काही खायचं नसतंच. अर्धा लिटर पाण्यात ३०-४० ग्रॅम साखर, चिमूट मीठ, लिंबू, झालं. लांबच्या रेसला तासाला ६० ग्रॅमपर्यंत न्या, पोटाला सवय असेल तर ९०. चिक्की खिशात ठेवू नका. दम लागलेला असताना ती चावत बसणं म्हणजे स्वतःहून ड्रॉप होणं.

पायांचे केस काढायलाच हवेत का? बायको हसते. (कार्डिफ)

नाही. पडल्यावर जखम साफ करायला आणि पट्टी काढायला सोपं जातं, थोडा हवेचा फायदाही होतो. बाकी सगळा शिष्टाचार. फोर्थ कॅटमध्ये केसाळ पायांनी जिंकलात तर बायकोच सगळ्यांना सांगत सुटेल.

माझा मुलगा लीड्सला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी शर्यती खेळतो. मागच्या महिन्यात पडला, हेल्मेटला तडा गेला. "काही नाही गं आई" म्हणाला आणि पुढच्याच रविवारी परत खेळला. मी इथून काय करू? त्याला बंद कर म्हणू का? (सातारा)

ताई, बंद कर म्हणालात तर तो बंद करणार नाही, फक्त तुम्हाला सांगायचं बंद करेल. त्यापेक्षा नेमकं विचारा.

हात-पाय खरचटणं, खांद्याचं हाड मोडणं या गोष्टी या खेळात होतात. पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि धक्का गळपट्टीच्या हाडावर येतो. दुखतं, पण बहुतेकदा दोनेक महिन्यांत माणूस परत सायकलवर असतो. त्याची एवढी धास्ती नको. डोक्याचं वेगळं. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत स्पष्ट आहे की डोक्याला धक्का बसल्याची शंका जरी असली तरी खेळाडूनं लगेच थांबायचं, पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घ्यायची, फोनच्या पडद्यापासूनही लांब राहायचं आणि २१ दिवसांच्या आत स्पर्धेत उतरायचं नाही. तेही आधीचे १४ दिवस कुठलंही लक्षण नसेल तरच. पुढच्याच रविवारी खेळणं चूक होतं. हे त्याला माझ्या नावानं सांगा, आईचं बोलणं मुलं हसण्यावारी नेतात.

फोनवर "बरा आहेस ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. पडतानाचं सगळं आठवतं का, डोकं दुखतं का, उजेड किंवा आवाज नकोसा होतो का, झोप कशी आहे, ऑफिसच्या कामात लक्ष लागतं का, चिडचिड वाढली का, हे एकेक विचारा. एकाचंही उत्तर अडखळलं तर त्यानं १११ ला (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मदत क्रमांकाला) फोन करायचा. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा भलतीच झोप असेल तर फोनही नाही, थेट इस्पितळ. तडा गेलेलं हेल्मेट फेकलं का, तेही विचारा. ते एका धक्क्यासाठीच असतं, बाहेरून बरं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. वाढदिवसाला नवीन तुम्हीच पाठवा.

आणखी एक. तिथल्या बहुतेक रोड रेस वाहत्या रस्त्यावर होतात. पुढे-मागे मोटारसायकलवाले असतात, पण समोरून गाड्या येऊ शकतात. रस्त्याच्या मधली पांढरी रेघ ओलांडली तर शर्यतीतून बाद करतात. ती रेघ तो पाळतो का, एवढं त्याच्या तोंडून वदवून घ्या.

जूनमध्ये भन्नाट चाललो होतो. ऑगस्ट उजाडला आणि पाय उचलत नाहीत, झोप लागत नाही, रेसचं नाव काढलं तरी कंटाळा. हंगाम सोडून देऊ का? (शेफील्ड)

हंगाम नाही, दहा दिवस सोडा. एप्रिलपासून दर आठवड्याला रेस आणि मधल्या दिवसांत ऑफिस, एवढं झाल्यावर असं होणारच. पहिले पाच दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवा, पुढचे पाच दिवस तासभर हळू फिरा, चहाला थांबा, घड्याळ घरी. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीसारखी झाली की समजायचं शरीर परत आलं.

तुम्ही राहता शेफील्डला, म्हणजे दाराबाहेरच चढ. रेडिंगच्या वाचकांनीही इथे लक्ष द्यावं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे हिल क्लाइंबचा छोटा हंगाम असतो. एकेकट्यानं चढ चढायचा, घोळका नाही, वळणावरची धक्काबुक्की नाही. केंटमधल्या यॉर्क्स हिलवर कॅटफर्ड क्लबची अशी शर्यत होते. ती १८८७ मध्ये दुसऱ्या एका चढावर सुरू झाली आणि आजही चालू असलेली जगातली सर्वांत जुनी सायकल शर्यत म्हणून ती ओळखली जाते. चढ जेमतेम साडेसहाशे मीटरचा, पण शेवटी भिंतीसारखा उभा, आणि दोन्ही बाजूंना लोक भांडी बडवत ओरडत असतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, त्यातली थोडी मजा इथे चाखायला मिळते. सिंहगडाची तयारी इथे कामाला येते, फक्त तिथली संथ चाल चालत नाही. दोन-तीन मिनिटांचाच खेळ आहे, त्यामुळे सप्टेंबरभर आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचे पाच चढ पूर्ण जोरानं मारा, प्रत्येकामध्ये आठ मिनिटं विश्रांती घ्या, आणि सायकलवरच्या बाटल्या, पंप, दप्तर सगळं घरी ठेवून जा.