नववीच्या इंग्रजीचं क्रेडिट आधी सोडवा. ईएसएल आणि ऑनर्सचं नंतर बघू

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मुलीची नववी नाशिकला सेमी-इंग्रजीतून झालेली, आता न्यू जर्सीत टेन्थ ग्रेडला प्रवेश, शाळेने तिला ईएसएलमध्ये (इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांच्या खास इंग्रजी वर्गात) घातलंय, आणि तुम्ही दोन गोष्टी विचारताय: ईएसएलमधून नाव काढून घ्यावं का, आणि इंग्लिश १० ऑनर्ससाठी (दहावीच्या इंग्लिशच्या वरच्या पातळीच्या वर्गासाठी) भांडावं का. आमचा मुलगा काही वर्षांपूर्वी पुण्याहून नववी करून असाच इथे दाखल झाला. तोही सेमी-इंग्रजीचा आणि आम्हीही न्यू जर्सीतच. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न सोडवायला हवा. पोस्टच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "नववीचे क्रेडिट दिलेत म्हणाले." क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल डिप्लोमाच्या हिशेबात धरलं जाणारं एकक. ते कोणत्या विषयाच्या नावावर दिलेत? इंग्लिशच्या रकान्यात किती आहेत? हे याच आठवड्यात लेखी विचारा.

मी शिक्षिका नाही, वकीलही नाही. प्रत्येक डिस्ट्रिक्टचे (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाचे) नियम वेगळे असतात, त्यामुळे माझं बोलणं तुमच्या शाळेच्या 'प्रोग्रॅम ऑफ स्टडीज'शी (कोर्सच्या माहितीपुस्तिकेशी) ताडून बघा. लसीकरण, पत्त्याचे पुरावे, प्रवेशाचे फॉर्म वगैरे तुमचं झालेलंच दिसतंय, त्यात शिरत नाही.

न्यू जर्सीत हायस्कूल डिप्लोमासाठी राज्याची किमान अट १२० क्रेडिटची. त्यातले २० इंग्लिश लँग्वेज आर्ट्सचे हवेत, म्हणजे वर्षाला ५ या हिशेबाने चार वर्षं इंग्लिश. वर्ल्ड लँग्वेजचे (इंग्लिशखेरीज दुसऱ्या भाषेचे) किमान ५ पुरतात, काही डिस्ट्रिक्ट जास्त मागतात. हायस्कूल नववीपासून धरतात, म्हणून नाशिकची नववी हिशेबात येते. आपल्याकडची बरीच मंडळी फक्त दहावीचं मार्कशीट जपून आणतात आणि नववीचं प्रगतिपुस्तक तिकडेच कुठेतरी राहतं. इथे नववीचा कागद तेवढाच मोलाचा आहे.

आता आमचं काय झालं ते. सेमी-इंग्रजीच्या प्रगतिपुस्तकावर मराठी प्रथम भाषा, हिंदी द्वितीय आणि इंग्रजी तृतीय भाषा असते. आम्ही त्याचं रीतसर भाषांतर करून दिलं, त्यात साहजिकच 'थर्ड लँग्वेज: इंग्लिश' असं आलं. कागद तपासणाऱ्या ऑफिसात कुणीतरी ते वाचलं आणि मराठी, हिंदी, इंग्रजी या तिन्ही भाषा वर्ल्ड लँग्वेज आणि इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) वाटून टाकल्या. इंग्लिशच्या रकान्यात शून्य. आम्हाला मात्र सांगितलं गेलं की नववीचे सगळे क्रेडिट मान्य झाले. पोर्टलवर एकूण आकडा भरघोस दिसायचा आणि तो खराही होता. एकूण क्रेडिट पुरेसे असूनही इंग्लिशचे पाच कमी आहेत, हे त्या आकड्यातून कुणाला कळणार?

ते कळलं ज्युनिअर इयरच्या (अकरावीच्या) शेवटी, सिनिअर इयरचं (बारावीचं) शेड्यूल ठरवताना. काउन्सेलर (शाळेत मुलांचे विषय ठरवायला मदत करणाऱ्या बाई) म्हणाल्या, हा डिप्लोमाला पात्र होत नाही. त्यानंतर जे सुरू झालं त्याचा मला अजून राग येतो. शाळेचं गायडन्स ऑफिस म्हणे, परदेशी कागदांचा निर्णय प्रवेशाच्या ऑफिसचा. प्रवेशाचं ऑफिस म्हणे, आम्ही फक्त नोंद करतो, क्रेडिट शाळा ठरवते. दोघांच्या मधे आमचा अर्ज फिरत राहिला. फोनवर कुणीच ठाम नाही म्हणत नव्हतं, "बघून कळवतो" एवढंच. सुट्टी लागली, माणसं रजेवर गेली. शेवटी इंग्लिश विभागाच्या सुपरवायझरपर्यंत पोचलो. त्यांनी पुण्याच्या शाळेचा अभ्यासक्रम शांतपणे पाहिला आणि सांगितलं की हे पहिल्याच वर्षी समोर आलं असतं तर इंग्लिश ९ म्हणून मंजूर केलं असतं, आता इतक्या उशिरा बंद झालेली नोंद उघडता येत नाही. पहिल्या वर्षी हा अभ्यासक्रम आमच्याकडे कुणी मागितलाच नव्हता.

समर स्कूल करू म्हटलं, तर तेही नाही. आमच्या डिस्ट्रिक्टचं समर स्कूल फक्त क्रेडिट रिकव्हरीसाठी होतं, म्हणजे आधी तो विषय घेऊन नापास झालेल्यांसाठी. पहिल्यांदाच क्रेडिट मिळवायचं असेल तर तिथे जागा नव्हती. नापास न झालेल्या मुलाला नापासांसाठीची सोयसुद्धा मिळत नाही, हे ऐकून मी त्या ऑफिसबाहेर बराच वेळ नुसती बसून होते. परिणाम असा की सिनिअर इयरला मुलाने दोन इंग्लिश घेतले. इंग्लिश १२ आपल्या वर्गाबरोबर आणि इंग्लिश ९ चौदा वर्षांच्या मुलांबरोबर. त्या एका पिरियडपायी एपी फिजिक्स (हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) गेलं. त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि तोच विषय त्याला सर्वांत जास्त हवा होता.

म्हणून तुम्ही नाशिकच्या शाळेकडून लेटरहेडवर एक पत्र मागवा. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का हवाच. नववीत इंग्रजीचे आठवड्याला किती तास होते, एक तास किती मिनिटांचा, वर्ष कधी सुरू होऊन कधी संपलं, काय शिकवलं (गद्य, कविता, व्याकरण, निबंध, पत्रलेखन) आणि परीक्षा कशी घेतली, एवढं त्यात असावं. एक वाक्य मुद्दाम घालून घ्या: प्रथम, द्वितीय, तृतीय भाषा ही महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमातली विभागणी आहे आणि इंग्रजी हा वर्षभराचा अनिवार्य विषय होता. गणित आणि विज्ञानही इंग्रजीतून शिकवलं, हेही येऊ द्या. पाठ्यपुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यातली अनुक्रमणिका छापून जोडा. पैसे भरून बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेण्याआधी डिस्ट्रिक्टला विचारा, पुष्कळदा हायस्कूलला ते लागतच नाही.

हे सगळं ईमेलने पाठवा आणि काउन्सेलर, प्रवेशाचं ऑफिस व इंग्लिश विभागाचे सुपरवायझर तिघांनाही एकाच ईमेलवर घ्या. वेगवेगळं लिहिलंत की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. समक्ष बोलणं झालं तरी घरी येऊन "आज असं ठरलं" म्हणून दोन ओळी पाठवून ठेवा.

आता ईएसएल. घाबरू नका, त्यात कमीपणा नाही. प्रवेशाच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हेमध्ये घरची भाषा मराठी लिहिली असणार, मग विडा स्क्रीनर (इंग्रजीची पातळी तपासणारी चाचणी) घेतला असेल. त्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग असतात आणि पातळी १ ते ६ मध्ये येते. आपल्या मुलांचं वाचन चांगलं निघतं, बोलणं आणि लिहिणं मागे पडतं. कारण सरळ आहे, वर्गात इंग्रजीत बोलायची वेळच क्वचित आलेली असते. तुमच्या पोस्टखाली एका सदस्याने सल्ला दिलाय की सर्व्हेमध्ये घरची भाषा इंग्रजी लिहून टाका म्हणजे चाचणीच होत नाही. कृपया असं करू नका. एक तर ते खोटं आहे, आणि ज्या मदतीवर मुलीचा कायद्याने हक्क आहे ती तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात सांगितलं की इंग्रजी न समजणाऱ्या मुलांना नुसतं इतरांसारखं वर्गात बसवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे. तो खटला सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी घरांतल्या मुलांचा होता. त्यांच्या लढ्याचा फायदा आज आपल्या मुलांना मिळतोय.

नाव काढून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स कायद्याप्रमाणे शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत (मधेच प्रवेश घेतला तर दोन आठवड्यांत) पत्र द्यायला हवं. मुलीची निवड का झाली, तिची पातळी काय, आणि तुम्ही नकार देऊ शकता, हे त्यात असतं. पण नकार दिला तरी इंग्लिश लर्नर (इंग्रजी शिकत असलेली मुलगी) ही नोंद पुसली जात नाही. दरवर्षीची इंग्रजीची अॅक्सेस चाचणी पास होऊन बाहेर पडेपर्यंत द्यावीच लागते.

माझं मत विचाराल तर पुन्हा क्रेडिटवरच येते. ईएसएलचा पिरियड इंग्लिश १० च्या जोडीला असेल तर राहू द्या, निदान वर्षभर. आमच्या मुलाला निबंध लिहायला खरं शिकवलं ते ईएसएलच्या बाईंनी. छोटा वर्ग, प्रत्येक मसुद्यावर हाताने लिहिलेले शेरे, आणि चुकलं तर पुन्हा लिहायची मुभा. पण ईएसएल हे इंग्लिश १० च्या ऐवजी देत असतील, तर त्याचे ५ क्रेडिट इंग्लिश लँग्वेज आर्ट्समध्ये धरणार का, हे लेखी घ्या. नाही म्हणाले तर तिथे मात्र भांडा, कारण मग दोन वर्षांचं इंग्लिश मागे राहील. कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी एक जोड: तिथल्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठांना हायस्कूलचं चार वर्षांचं इंग्लिश लागतं आणि त्यात ईएसएल प्रकारचं एकच वर्ष धरतात.

ऑनर्ससाठी या वर्षी भांडू नका. हे अनेकांना पटणार नाही, आपल्या मंडळींत ऑनर्स नसलं की मूल मागे पडलं असंच समजतात. पण इथलं इंग्लिश हा आपल्या इंग्रजीपेक्षा वेगळाच विषय आहे. धडा, त्याखालचे प्रश्न, व्याकरण, पत्र असा तो नसतो. आख्खी कादंबरी किंवा नाटक घरी वाचून यायचं, समासात टिपा काढायच्या, वर्गात गोल बसून चर्चा करायची आणि त्या बोलण्याला गुण. निबंधात आधी स्वतःचा दावा, मग पुस्तकातला पुरावा, आणि तो पुरावा दावा कसा सिद्ध करतो याचं स्वतःच्या शब्दांतलं विवेचन. आपली मुलं पुरावा छान शोधतात आणि तिथेच थांबतात. गाइडमधलं उत्तर पाठ करून लिहिण्याची सवय असेल तर ती पहिल्याच दिवशी सोडायला सांगा. इथे दुसऱ्याचं वाक्य उल्लेख न करता उतरवणं म्हणजे प्लेजियरिझम, त्याला थेट शून्य मिळू शकतं आणि प्रकरण ऑफिसपर्यंत जातं.

तिची लेखणी बसली की अकरावीला एपी इंग्लिश लँग्वेजचा विचार करा. त्या परीक्षेत तीन निबंध असतात: दिलेल्या स्रोतांवरून मांडणी, एखाद्या उताऱ्यातल्या भाषेच्या वापराचं विश्लेषण, आणि स्वतःचा युक्तिवाद. प्रत्येकाला ६ गुण आणि त्यातले ४ पुरावा व विवेचनाचे. एपी लिटरेचर कविता-कथांचं असतं, ते बहुतेक मुलं बारावीला घेतात. गणिती डोक्याच्या मुलांना लँग्वेज जास्त जमतं असं मला वाटतं, अर्थात हे माझ्या पाहण्यातल्या मुलांवरून.

क्रिएटिव्ह रायटिंग, जर्नालिझम, पब्लिक स्पीकिंग हे कोर्स निवडतानाही तोच सापळा असतो. काही डिस्ट्रिक्टमध्ये ते इंग्लिशचं क्रेडिट देतात, काहींत नुसतं इलेक्टिव्ह. नावात लेखन आहे म्हणून इंग्लिशमध्ये धरतील असं समजू नका, कोर्सच्या माहितीत क्रेडिटचा प्रकार बघा.

मराठी मात्र सुटू देऊ नका. न्यू जर्सीत सील ऑफ बायलिटरसी आहे, इंग्लिशबरोबर दुसऱ्या भाषेतलं प्रावीण्य दाखवलं की ग्रॅज्युएशनला ती नोंद मिळते. मराठीची चाचणी उपलब्ध असते, पण शाळा ती आपणहून सुचवत नाही. अकरावीच्या सुरुवातीलाच वर्ल्ड लँग्वेज विभागाला विचारा. नाशिकच्या मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेल्या मुलीला ते सहज जमेल.

सध्या एवढंच करा: काउन्सेलरकडून अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि क्रेडिटच्या नोंदीचा कागद) मागा आणि नववीचं इंग्रजी कोणत्या रकान्यात बसवलंय ते बघा. रकान्याचं नाव इथे लिहिलंत तर पत्राचा मसुदा करायला मी मदत करेन.