नवी टाकी, नवे मासे आणि दुसरा आठवडा

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की घरोघरी नव्या टाक्या येतात आणि आमच्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येऊ लागते: टाकी नवी, पाणी काचेसारखे, मासे टुणटुणीत आणले होते, आठवड्यात निम्मे गेले. टाकी आधी तयार करून मग मासे आणावेत हे सांगून आमचा घसा बसला. पण मासे आत पोहतच असतील, तर आता काय करायचे एवढेच उरते. तसे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

दोन फुटी टाकी आणि सहा गोल्डफिश एकाच दिवशी आणले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे झाले आणि दोन मासे मेले. दुकानदार म्हणतो, सगळे ओतून टाकी धुवा. धुवू का? (म्हापसा)

धुवू नका. दुधाळ पाणी ही नव्या टाकीची आणि जास्त घातलेल्या खाण्याची खूण आहे, ते काही दिवसांत आपोआप निवळते. मासे बहुधा न दिसणाऱ्या अमोनियाने मेले. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. विष्ठा आणि तळाशी कुजणारे खाणे त्यात भर घालतात. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर वस्तीला असलेले जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरे बरेच सौम्य. तुमचा स्पंज कोरा आहे. त्यावर ही वस्ती बसायला आपल्याकडच्या उबदार पाण्यातही साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी घासून धुतलीत की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

२४ बाय १२ बाय १५ इंचांची टाकी काठोकाठ ७० लिटरची. वाळू-दगड घातल्यावर हाती ६० राहतात. गोल्डफिश घाण भरपूर करतो आणि वाढतोही, त्यामुळे उरलेल्या चारांपैकी दोन परत देता आले तर द्या. मेलेल्यांच्या जागी नवे आणू नका. अमोनिया रोज मोजा: ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) दिसला तर पाव पाणी बदला, ०.५ दिसला तर त्याच दिवशी निम्मे. मोजायला थेंबांचे किट घ्या. बाजारातल्या अनेक कागदी पट्ट्यांवर अमोनियाचा रकानाच नसतो. दोन-तीन दिवस पाणी बदलूनही आकडा खाली येत नसेल, तर नोंदी घेऊन जाणकाराला भेटा.

या काळात खाणे किती वेळा घालावे? (फोंडा)

दिवसाआड एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. उपाशी मासा मेल्याचे एकही पत्र आजवर आलेले नाही.

नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवले की चालते ना? (मडगाव)

साधे क्लोरीन असेल तर पसरट, उघड्या भांड्यात दिवसभरात बरेचसे उडते. क्लोरामाइन असेल तर उडत नाही. नळाचे पाणी साळावली प्रकल्पाचे असो वा ओपा प्रकल्पाचे, अँटी-क्लोरीन वापरा आणि प्रमाण बाटलीवर वाचा. ‘अंदाजे चार थेंब’ हे दुकानातले प्रमाण आहे.

आमची विहीर आहे, त्यामुळे क्लोरीनचा प्रश्न नाही. पण पाच आठवडे झाले तरी अमोनिया १ पीपीएमवरच आहे, नायट्राइट दिसतच नाही. मासे मात्र ठणठणीत आहेत. किट खराब आहे का? (वाळपई)

किट ठीक असावे. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा) मोजलात का? ते पत्रात नाही, आणि सगळी मेख तिथेच असावी. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा मऊ आणि आम्लधर्मी असते. पीएच ६.५ च्या खाली गेला की हे जिवाणू सुस्तावतात, ६ च्या आसपास त्यांचे काम जवळपास थांबते. म्हणून टाकी पुढे सरकत नाही.

मग मासे ठणठणीत का? अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराचसा निरुपद्रवी. किट दोन्हींची बेरीज दाखवते. आपल्याकडे टाकीचे पाणी साधारण २८ अंशांवर असते. तेवढ्या उबेत पीएच ६ ला विषारी रूप एकूण अमोनियाच्या ०.१ टक्क्याहूनही कमी भरते, पीएच ८ ला तेच ६ टक्क्यांच्या वर जाते. आता समजा, कुणीतरी सुचवले म्हणून तुम्ही सोडा टाकलात किंवा नळाच्या पाण्याने निम्मी टाकी एकदम बदललीत. पीएच चढेल आणि आतापर्यंत निपचित असलेला अमोनिया मासे मारू शकेल. मग विहिरीचे पाणी चांगले, नळाचे वाईट, अशी आणखी एक दंतकथा वाळपईत सुरू होईल.

आधी विहिरीच्याच पाण्याने, रोज थोडे थोडे बदलून अमोनिया ०.२५ च्या खाली आणा. मग तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) मूठभर कवचे उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. पीएच रोज पाहा; तो सावकाश चढायला हवा. एका दिवसात ०.५ हून जास्त चढला तर कवचे निम्मी काढा. आणि पाण्याची एकदा नीट तपासणी करून घ्या. जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्योद्योग खात्यात चौकशी केलीत तर कुठे करायची ते कळेल. विहिरीवर घर पीत असेल तर तेवढ्यासाठीही ती झालेली बरी.

बाटलीतले जिवाणू घालावेत का? (वास्को)

काही बाटल्यांचा उपयोग होतो, काहींत रंगीत पाण्यापलीकडे फारसे काही नसते. टाकीत नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू करतात हे १९९८ मध्ये दाखवले गेले, तरी आजही लेबलावर फक्त नायट्रोबॅक्टर छापलेले आढळते. दुकानाच्या काचेत उन्हात तापलेली बाटली कितीही चांगल्या कंपनीची असो, घेऊ नका. ओळखीच्या कुणाची निरोगी, वर्षभर चाललेली टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा मागा आणि त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा. फुकट मिळतो, म्हणून त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मॉली आणि गप्पी पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागले. दुकानदाराने निळे औषध आणि एक कॅप्सूल दिली, तीन दिवस फिल्टर बंद ठेवायला सांगितला. चार मासे मेले. आता पिवळे औषध देतो म्हणतो. देऊ का? (ताळगाव)

नको. याच प्रश्नासाठी आम्ही हे सदर चालवतो असे म्हटले तरी चालेल, तेव्हा थोडे सविस्तर.

दुसरा-तिसरा आठवडा हा नायट्राइटचा. अमोनिया खाणारे जिवाणू बसलेले असतात, नायट्राइट खाणारे मागाहून येतात. मधल्या काळात नायट्राइट साचते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. पाण्यात हवा पुरेशी असूनही मासा गुदमरतो. मेलेल्या माशाच्या कल्ल्याचे झाकण नखाने उचलून पाहा, बाजारात बांगडा घेताना पाहता तसेच. लाल असायला हवेत ते कल्ले तपकिरी, चॉकलेटी दिसले तर संशय नायट्राइटवर घ्या. हे पाहायला एक मिनिट लागतो. पण गल्ल्यामागे निळी, पिवळी, हिरवी बाटली रांगेने मांडलेली असताना कल्ले कोण पाहतो?

आता तुमच्या टाकीत काय झाले ते पाहा. आधीच गुदमरणाऱ्या माशांचा फिल्टर बंद केला, म्हणजे पाण्याची हालचाल गेली. स्पंजवर कसेबसे बसलेले जिवाणू प्राणवायूविना तीन दिवस राहिले. वरून निळे औषध, म्हणजे बहुधा मेथिलीन ब्लू, त्या जिवाणूंनाही मारक. कॅप्सूलमध्ये प्रतिजैविक असेल तर ते आपले-परके पाहत नाही. गंमत अशी, की नायट्राइटच्या विषबाधेवर मेथिलीन ब्लू उपयोगी पडू शकते, पण वेगळ्या भांड्यात, मोजून, जाणकाराच्या सांगण्यावरून. सगळ्या टाकीत ओतून नव्हे. आणि रोगाचे निदान न करता माशांना प्रतिजैविके देण्याची ही दुकानी पद्धत थांबायला हवी. ते पाणी शेवटी तुमच्याच गटारात जाते.

आज करायचे ते असे: फिल्टर सुरू करा, पण स्पंज आधी टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली धरू नका. निम्मे पाणी बदला. हवेचा पंप असेल तर जोडा. ६० लिटरला सपाट एक चहाचा चमचा साधे मीठ कपभर पाण्यात विरघळवून तासाभरात थोडे थोडे घाला. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आगरातले जाडे मीठ चालेल, गाळून घ्या. मॉली-गप्पींना एवढे मीठ काहीच नाही, पण टाकीत इतर जाती असतील तर आधी विचारून घ्या. पुढे रोज नायट्राइट मोजा आणि ०.५ च्या वर जाऊ देऊ नका. पाणी बदलाल तेव्हा जेवढे पाणी नवे, तेवढ्याच हिशेबाचे मीठ परत घाला.

अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखे पुंजके किंवा जखमा असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा माशांचे काम पाहणाऱ्या पशुवैद्याला फोटो दाखवा आणि सोबत अमोनिया, नायट्राइट व पीएच यांचे आकडे न्या. आकड्यांशिवाय औषध सांगणाऱ्याचे औषध घेऊ नका.

पावसात रात्र रात्र वीज नसते. फिल्टर बंद पडला तर? (पेडणे)

बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन ठेवा. त्या दिवशी खाणे घालू नका. बंद डब्याचा फिल्टर रात्रभर बंद राहिला असेल तर आतले कुजके पाणी फेकून मगच चालू करा, आणि दोन दिवस अमोनिया मोजा.

मखराशेजारी टाकी हवी आहे. चवथीला दहा दिवस आहेत. वीस निऑन टेट्रा सोडले तर चालतील का? (कुडचडे)

नाही. दहा दिवसांत टाकी तयार होत नाही, आणि निऑन नव्या टाकीत सर्वांत आधी जातो. वनस्पती लावा, दिवा लावा, पाहुण्यांना ती टाकीही आवडेल. मासे नंतर आणा.

काच स्वच्छ राहावी म्हणून सकर (काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा मासा) आणला तर? (डिचोली)

आणू नका. तो साफ करतो त्याहून जास्त घाण करतो आणि दीड फुटांपर्यंत वाढू शकतो. आधीच आणला असेल तर दुकानात परत द्या. नदीत, तळीत किंवा शेताच्या पाटात सोडू नका. देशात अनेक ठिकाणी तो असाच सोडलेल्या माशांपासून पसरला आहे.

टाकी तयार झाली हे कसे ओळखावे? (साखळी)

मासे आत असताना आणि रोज खाणे चालू असताना अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य, नायट्रेट मात्र चढते. तुमच्या मूळ पाण्यात नायट्रेट आधीपासून असू शकते, म्हणून ते बादलीतच मोजून लिहून ठेवा. त्यानंतरही एका वेळी दोन-तीनच मासे वाढवा आणि पुढचा आठवडा पुन्हा मोजत राहा. एखादा आकडा पटला नाही तर मासे आणण्याआधी विचारा.